‘जय भीम’ म्हणजे भाडेकरार नव्हे

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजात एक नवा माणूस तयार झाला आहे. तो म्हणजे घरमालक. आजा गावकुसाबाहेर राहिला, बाप चाळीत नाहीतर रेल्वे क्वार्टरमध्ये, आणि पोरगा-पोरगी शिकून नोकरीला लागली, बँकेचे कर्ज काढून फ्लॅट घेतला. मग जुनी खोली किंवा दुसरे छोटे घर भाड्याने दिले जाते आणि कर्जाचा हप्ता त्या भाड्यावरच निघतो. प्रस्थापितांच्या घरात कूळ कसे हलवायचे, कुठला वकील गाठायचा, कुठला कागद कधी करायचा, हे ज्ञान वारशानेच मिळते. आपल्याला वारशात ते मिळाले नाही. म्हणून पहिल्यांदा तीन-चार महिन्यांचे भाडे थकले की आपला माणूस गांगरतो, आणि सल्ला विचारायला चळवळीतल्याच लोकांकडे येतो.

तिथे त्याला दोन सल्ले मिळतात. पहिला: “जाऊ द्या साहेब, आपलाच माणूस आहे.” दुसरा: “चार पोरं घेऊन जा, सामान बाहेर फेका, कुलूप लावा.” आमचा या दोन्ही सल्ल्यांना विरोध आहे. पहिला भाबडा आहे आणि दुसरा बेकायदा. दोन्हींमुळे शेवटी घर आपल्याच माणसाच्या हातातून जाते.

आधी पहिल्याचे बघू. भाडे मागितले की समोरचा म्हणतो, “जय भीमवाले असून पैशासाठी घराबाहेर काढता?” हे वाक्य बोलणारा नेहमी गरीबच असतो असे नाही. पगार वेळेवर होतो, दारात बुलेट उभी असते, जयंतीच्या बॅनरवर फोटो असतो, फक्त भाडे तेवढे राहते. आम्ही विचारतो, बँक हप्ता घेताना ‘जय भीम’ ऐकून सूट देते का? निवृत्त शिपायाची किंवा सफाई कामगाराची आयुष्यभराची पुंजी त्या एका खोलीत अडकलेली असते. ती फुकट वापरणे म्हणजे समाजबांधवाला लुटणेच. ज्या विनयाचे दाखले आपण भाषणात देतो, त्यात कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. देणेकऱ्याचे देणे बुडवून संघाच्या आडोशाला जाता येत नाही. मग चळवळीच्या आडोशाला कसे जाता येईल?

काही अभ्यासू मित्र इथे खोतीचा दाखला देतात. बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला, आणि तुम्ही मालकाची बाजू घेता? दाखला खरा आहे, लावला चुकीच्या जागी. खोत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये बसून मनमानी वसुली करत होता, वेठ राबवत होता, आणि कुळाला दाद मागायला जागा नव्हती. बाबासाहेबांचा लढा या मनमानीशी होता. कर्ज काढून घेतलेली एक खोली, ठरलेल्या भाड्याने, लेखी कराराने देणारी अंगणवाडी सेविका खोत होत नाही. ती खोत होईल ती वसुलीसाठी लाठी उचलेल तेव्हा.

म्हणूनच दुसरा सल्ला आम्हाला जास्त धोकादायक वाटतो. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले. शहरात कोणी घर देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. त्यांचे भाडे थकले नव्हते, राहण्याचे पैसे ते देत होते. त्यांना जात बघून काढले, आणि काढण्यासाठी कायदा नव्हे, जमाव वापरला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपल्यातल्या प्रत्येकाने वाचलेले आहे. ते वाचून कामाठी बागेत बसलेल्या त्या माणसासाठी डोळ्यांत पाणी आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या भाडेकरूची गॅसची टाकी जिन्यात फेकायची? त्याची बायकामुले आत असताना नळाचा कॉक बंद करायचा?

ही नुसती नीतीची गोष्ट नाही, हे करणारा मालक कायद्यातही हरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. घरात स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असला तरी, मालकाने कायद्याच्या मार्गानेच काढले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केले आहे. स्पेसिफिक रिलीफ कायद्याचे कलम 6 तर असे सांगते की बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात ‘मालक कोण’ हा प्रश्नच आडवा येत नाही. म्हणजे सहा महिन्यांचे भाडे बुडवणारा फिर्यादी होतो आणि तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात. ‘चार पोरं’ त्या दिवशी तारखेला येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

मग करायचे काय? सगळा खेळ घर देताना होतो, काढताना नाही. आपल्याकडे अजून समज आहे की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झाले. महाराष्ट्रात हे चालत नाही. 1999 च्या कायद्याचे कलम 55 म्हणते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असा करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल समोरच्याचे म्हणणे खरे धरले जाते, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तो म्हणाला, “मी कायमचा भाडेकरू, भाडे दोन हजार ठरले होते,” तर ते खोटे पाडण्याचे ओझे तुमच्या डोक्यावर. विहारात ओळख झाली, विश्वासावर चावी दिली, हे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर रस्ता पूर्ण वेगळा आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि समोरचा उठला नाही, तर कलम 24 प्रमाणे दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानतात. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, ती मिळाली नाही तर आदेश होतो. आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागते. म्हणून मुदत छोटी ठेवा, अनामत दोन-तीन महिन्यांचे भाडे भागेल इतकी घ्या, किती महिने थकले की करार संपेल ते करारातच लिहा. भाडे रोख घेऊ नका. थकल्याबरोबर लेखी नोटीस द्या आणि पोच जपून ठेवा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत वर्ष घालवणारा मालक दयाळू नसतो, आळशी असतो. एसआरएचे घर असेल तर आणखी सावध राहा, ते ठरावीक वर्षे भाड्याने देण्यावरच बंदी असते.

समोरचा खरा भाडेकरू असेल तर कायदा त्याच्या बाजूने ठामपणे उभा राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. कलम 15 प्रमाणे थकलेल्या भाड्याची लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते, त्यानंतरच ताब्याचा दावा. समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह भरली आणि पुढे भरत राहिला, तर घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. यावर चिडणाऱ्या आपल्या नव्या मालकांना आम्ही एकच विचारतो: तुमचे वडील भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हा त्यांना हे संरक्षण नकोसे होते काय?

आता एक नाजूक गोष्ट. भाडेकरू सवर्ण असेल, लाइट बिलावरचे आडनाव कळल्यावर त्याचा सूर बदलला असेल, तर राग येतो. पण भाडे थकवणे हा स्वतःहून अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होत नाही. मालमत्तेचा वाद जातीमुळे झालेला नसेल तर तो या कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. वसुलीसाठी हा कायदा वापरू नका, त्याची धार बोथट होते आणि विरोधकांना ‘गैरवापर’ म्हणून ओरडायला निमित्त मिळते. मात्र भाडे मागायला गेलात आणि चारचौघांसमोर त्याने जातीवरून शिवी दिली, तर तो गुन्हा वेगळा आहे. त्याची फिर्याद वेगळी द्या, त्याच दिवशी द्या, आणि भाड्याच्या तडजोडीत ती मागे घेऊ नका.

सर्वात जास्त संताप आम्हाला येतो तो एका वाक्याचा. एक-दोन वाईट अनुभव आले की आपलेच घरमालक एजंटला सांगतात, “आपल्या लोकांना नको, दुसरं कोणी बघा.” पुण्यात, मुंबईत आपल्या पोरांना आडनाव सांगितल्यावर ‘रूम आत्ताच गेली’ असे उत्तर मिळते, त्याच यादीत आता एक जय भीमवाला मालक जोडला जातो! एका माणसाने भाडे बुडवले म्हणून पूर्ण समाजाला बुडवा ठरवणे यालाच तर आपण जातवाद म्हणत आलो. पगाराची स्लिप बघा, आधीच्या मालकाला फोन करा, पोलिसांत माहिती द्या, आणि हे सर्वांना सारखेच लावा.

भाडे थकले म्हणजे माणूस बुडवाच आहे असेही नाही. स्वाधार योजनेवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा हप्ता महिनोन्महिने अडकतो, त्याच्याकडे मंजुरीचा कागद असतो. त्याच्याकडून ‘हप्ता आल्यावर अमुक रक्कम देईन’ असे लिहून घ्या, सही घ्या, तारीख घाला आणि त्याला राहू द्या. आणि नोटीस पाठवायची असेल तर आधी समाजकल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जाऊन हप्ता का अडला ते विचारून या.