सूर्यावरून येणारा वारा

१९९७ सालच्या वसंत ऋतूत हेल-बॉप नावाचा धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात कित्येक आठवडे दिसत होता. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो मुलाबाळांसह गच्चीवर उभे राहून पाहिला असेल. त्याला दोन पुच्छे होती. एक पांढुरके व वळणदार, दुसरे निळसर व सरळ. हे निळे पुच्छ नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू सूर्याकडे धावत असो वा वळसा घालून परत फिरलेला असो, पुच्छ सूर्याकडे म्हणून वळत नाही. परतीच्या वाटेवर तर ते धूमकेतूच्याही पुढे चालते. ज्याला आपण शेपूट म्हणतो त्याने पुढे चालावे, याला काही कारण असलेच पाहिजे. त्या कारणाचे गणित ज्यांनी मांडले, त्या यूजीन पार्कर यांची हकीकत या महिन्यात सांगावयाची आहे.

१९५० नंतरच्या काही वर्षांत जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बीअरमन यांनी असे प्रतिपादन केले की, निळे पुच्छ मागे रेटण्यास नुसता सूर्यप्रकाश पुरा पडत नाही; सूर्यापासून सूक्ष्म कणांचा झोत सर्व दिशांना अखंड वाहत असला पाहिजे. त्याच काळात सिडनी चॅपमन या थोर गणितज्ञांनी दाखविले की, खग्रास ग्रहणात दिसणारे सूर्याचे प्रभामंडळ इतके तप्त आहे की ते पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेले असावे. मात्र चॅपमन यांचे प्रभामंडळ स्थिर होते, शांत सरोवरासारखे. एक म्हणे वाहते आहे, दुसरा म्हणे स्वस्थ आहे. आणि दोघेही अधिकारी पुरुष.

पार्कर यांचा जन्म १० जून १९२७ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातील हॉटन या गावी झाला. १९५१ साली डॉक्टरेट मिळवून, काही वर्षे युटा विद्यापीठात काढून ते १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठात आले. हा वाद त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच गाठली होती. त्यांच्या ध्यानात आले की वाद दोन वस्तूंचा नाहीच. सूर्याजवळ जे प्रभामंडळ, तेच दूर गेल्यावर झोत. दहा-वीस लाख अंश तापलेल्या त्या वायूला सूर्याचे गुरुत्वाकर्षण जवळपास असेतो धरून ठेवते, पण अंतर वाढत जाते तशी पकड सैल होते. बाहेरच्या अंतराळात त्याला दाबून धरील असे झाकणही नाही. मग आचेवरचे दूध उतू जावे तसा तो वायू बाहेर पडू लागतो, आणि जाता जाता त्याचा वेग ध्वनीच्या वेगाला मागे टाकून सेकंदाला शेकडो किलोमीटरवर जातो. पार्कर यांनी याला सौरवारा हे नाव दिले. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे या वाऱ्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या चुंबकीय रेषा बागेत फिरत्या नळीतून उडणाऱ्या पाण्याप्रमाणे चक्राकार होत जातात, हेही त्यांनी त्याच लेखात दाखविले.

लेख ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे गेला आणि परीक्षकांना मुळीच रुचला नाही. एकाने तर सुचविले की, लेखकाने या विषयावर लिहिण्यापूर्वी ग्रंथालयात जाऊन थोडे वाचन करावे! दुसऱ्या परीक्षकाचे मतही प्रतिकूलच पडले. ‘साभार परत’ हे दोन शब्द लिहिणे किती सोपे असते, हे कोणत्याही मासिकाच्या कचेरीत विचारावे. येथे तर ते लिहिण्यास दोन विद्वानांचा आधारही होता.

संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. तमिळ घराण्यातले, जन्म लाहोरचा, आयुष्य शिकागोच्या परिसरात गेलेले. परमुलखात घर करणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या खगोल संस्थेपुढे या चोवीस वर्षांच्या तरुणाने मृत ताऱ्यांविषयीचे आपले गणित मांडले, तेव्हा एडिंग्टनसारख्या मान्यवराने तेथल्या तेथे त्याची टर उडविली होती. ते गणित बरोबर ठरले आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण मधे पुष्कळ वर्षे गेली. पार्कर यांची कल्पना चंद्रशेखरांना स्वतःलाही पटलेली नव्हती. ती छापावी असे खरोखरच वाटते का, असे त्यांनी पार्करना विचारले. पार्कर यांचे म्हणणे इतकेच होते की, परीक्षकांना लेख आवडला नसेल, पण गणितात चूक कोणीच दाखविलेली नाही. चंद्रशेखरांनाही ती सापडली नाही. १९५८ च्या नोव्हेंबरात लेख छापून आला. स्वतःला पटलेले छापणे यात संपादकाचा मोठेपणा तो कोणता? न पटलेले, पण निर्दोष असलेले छापणे याला मात्र, आमच्या मते, फार सरळ मनाची गरज लागते.

निर्णयाला फार वेळ लागला नाही. १९५९ मध्ये रशियाच्या ल्यूना यानांना अंतराळात कणांचा झोत आढळला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानावरील उपकरणाने वाटेत कित्येक आठवडे मोजमाप केले. वारा वाहत होताच, क्षणभरही न थांबता, सेकंदाला चारशे ते सातशे किलोमीटर वेगाने.

सौरवारा हा नित्य, तर सौरवादळ हे नैमित्तिक. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांजवळ एकाएकी प्रखर तेज पाहिले. पुढे सुमारे साडेसतरा तासांनी जगभरच्या चुंबकसूच्या थरथरल्या. त्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदविली. ती नोंदवही टिकली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व त्यांच्या अमेरिकन आणि ब्राझिली सहकाऱ्यांनी तिच्याच आधारे त्या महावादळाचा जोर किती होता हे ठरविले. विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आली, हे कोकणच्या मंडळींना ठाऊक असेलच. तसल्या वादळांचा उपद्रव आज तारायंत्रांपुरता राहिलेला नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते.

आपल्या पृथ्वीला चुंबकीय कवच आहे. मंगळाला तसे सर्वव्यापी कवच उरलेले नाही. म्हणून हाच वारा मंगळाचे वातावरण हळूहळू ओरबाडून नेत आला. २०१४ च्या सप्टेंबरात आपले मंगळयान तेथे पोहोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचलेल्या अमेरिकेच्या मेव्हन यानाने ही गळती मोजली. ती सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम भरली आणि सौरवादळात ती आणखी वाढते असे दिसले. शंभर ग्रॅम म्हणजे वाण्याकडची चहापत्तीची लहान पुडी. परंतु अब्जावधी वर्षांच्या हिशेबात, आणि कोवळा सूर्य आजच्याहून कितीतरी उग्र होता हे धरता, ज्या ग्रहावर एके काळी नद्या वाहिल्या तो कोरडा कसा पडला याचा बराचसा उलगडा त्या पुडीत आहे.

पार्कर १९९५ साली शिकागोहून निवृत्त झाले. १२ ऑगस्ट २०१८ च्या पहाटे सूर्याकडे जाणारे ‘पार्कर सोलर प्रोब’ फ्लोरिडातून उडाले, तेव्हा ९१ वर्षांचे पार्कर ते पाहावयास जातीने हजर होते. हयात असलेल्या माणसाचे नाव नासाने यानाला देण्याची ती पहिलीच वेळ. २०२१ च्या एप्रिलमध्ये यान प्रभामंडळात शिरले. ही बातमी त्या डिसेंबरात जाहीर झाली, म्हणजे ती त्यांच्या हयातीत आली. १५ मार्च २०२२ रोजी ते निवर्तले.

यान मात्र आपल्या फेऱ्या घालीत राहिले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरांवरून, ताशी सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर वेगाने गेले. त्या वेळी पृथ्वीशी त्याचा संबंध तुटलेला होता. २६ तारखेच्या रात्री मेरीलँडमधील केंद्राला त्याचा क्षीण संकेत मिळाला: खुशाल आहे.