आधी मीटर, मग पार्ट

आपल्या वस्त्यांतले कितीतरी तरुण आज टुरिस्ट गाडी चालवून घर चालवतात. गाडी कर्जाची, हप्त्याची तारीख ठरलेली, आणि गिऱ्हाईक दार लावता लावता पहिले म्हणते, ‘एसी लावा’. उन्हाळ्यात एसी बंद म्हणजे धंदा बंद. बॅटरी उतरली तर तो दिवसच बुडाला. म्हणून या आठवड्यात गाडीच्या विजेविषयी चार गोष्टी.

मी कारकून माणूस, पाना-पक्कड हा माझा प्रांत नव्हे. पण तक्रारअर्ज लिहून घ्यायला येणारी ड्रायव्हर मंडळी गॅरेजची बिले सोबत आणतात, आणि बिल वाचणे हे तर माझे रोजचेच काम. एका भावाची तीन बिले एकाखाली एक लावून पाहिली. पहिल्यात नवी बॅटरी. दुसऱ्यात नवा अल्टरनेटर, ज्याला आपली माणसे अजून डायनामोच म्हणतात. तिसऱ्यात एसीचा गॅस. एवढे होऊनही रात्री ट्रॅफिकमध्ये दिवे आणि एसी एकदम चालू असले की एसी मध्येच बंद पडे आणि सकाळी सेल्फ जड मारी. शेवटी एका जुन्या वायरमनने मीटर लावला. अल्टरनेटरमागच्या जाड वायरच्या नटावर १४.४ व्होल्ट आणि बॅटरीवर फक्त १२.५! मधले जवळजवळ दोन व्होल्ट वायरच्या काळ्या पडलेल्या थिंबलमध्ये जळत होते. थिंबल घासली, नट आवळला, काम संपले. तीन बिलांत जे बदलले त्यात दोषच नव्हता.

बंधू-भगिनींनो, ही मोजणी कुणालाही जमण्यासारखी आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवावी, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळे मायनसला. सकाळी किल्ली लावण्यापूर्वी १२.६ च्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने आकडा पाहावा. भरलेली बॅटरीही त्या क्षणी ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली. इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. आता हेडलाईट, ब्लोअर, एसी सगळे लावून थोडी रेस द्यावी. तरी आकडा १३ च्या वर चांगला टिकला पाहिजे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे आपला कटआऊट, बिघडला. तो बॅटरी उकळून मारतो. नव्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो. एकदा पाहून घाबरू नये.

आकडा कमी आला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवायचा नाही. आधी पट्टा सैल आहे का पाहावे. मग इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना लाल टोक अल्टरनेटरच्या जाड नटावर, काळे टोक बॅटरीच्या प्लसवर. इथे ०.३ च्या वर दिसले तर दोष वायरीत. तसेच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजावे, म्हणजे अर्थिंग कळते. हे सगळे ठीक निघाले तरच संशय अल्टरनेटरवर. त्यातही कित्येकदा नुसते कार्बन झिजलेले असतात आणि ते वेगळे मिळतात. (मोजताना ओढणी, सैल बाही, मीटरची वायर पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवावी.)

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नये. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘बघा, गाडी चालते, डायनामो चांगला’ असे दाखवणारे अजून आहेत. ही जुन्या डायनामोच्या काळातली रीत. आज त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

आता एसी. इंजिन चालू ठेवून बटण दाबले की कॉम्प्रेसरवर ‘टक्’ आवाज होतो आणि पुलीपुढची क्लचप्लेट फिरू लागते. (काही नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो, त्यांना ही परीक्षा लागू नाही.) प्लेट फिरत नसेल तर आधी फ्युज, मग रिले. शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून पाहायला पैसा लागत नाही. मग क्लचच्या वायरवर व्होल्ट मोजावेत. बारा व्होल्ट पोचूनही क्लच ओढत नसेल तर दोष कॉइलमध्ये, तिच्या अर्थिंगमध्ये किंवा प्लेटच्या गॅपमध्ये. पोचतच नसतील तर मागे शोधावे. तिथे प्रेशर स्विच भेटतो. गॅस कमी झाला की तो कॉम्प्रेसर बंद ठेवतो. काहीजण त्याला वायर जोडून बायपास करतात. तो प्रकार वाईट, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना चालवला तर कॉम्प्रेसर जाम होतो आणि मग बिल बघवत नाही.

गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहावा. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवरच चालतो? बहुधा रेझिस्टर जळला, छोटा पार्ट आहे. आणि ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हे खरे नाही. गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती कुठे सापडली हे विचारल्याशिवाय भरून घेऊ नये.

गॅरेजमधून निघताना जुना पार्ट परत मागावा, आणि कामाआधी व कामानंतर बॅटरीवर किती व्होल्ट होते ते दोन आकडे बिलावर लिहून घ्यावेत. पुढे तक्रारअर्ज लिहायची वेळ आलीच, तर मला ते दोन आकडे फार उपयोगी पडतात.