हॉबी कुणाची, गुन्हा कुणाचा?

मंडळी, अमेरिकन लोक गॅरेजमध्ये टेबल मांडून रिकामी काडतुसं पुन्हा भरतात. ते पाहून आमच्या चंद्रपूरच्या मित्रांनाही तसंच टेबल हवंय. म्हणे, "हॉबी आहे रे!"

अहो, १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ वाचा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदुकीच्या परवान्यावर काडतुसांचा आकडा असतो. घरी भरलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार? आणि शेजारी ताडोबाचं जंगल!

गडचिरोलीत एखाद्या आदिवासी शेतकऱ्याकडे विनापरवाना भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक, सापडली तर तो आरोपी. आपण दारू भरली की छंद? वा रे न्याय!

कायदा बदलायचाय? जरूर मागणी करा. पण आधी त्या भरमारवाल्यासाठी करा.