पायी चालायचं, पण कुठून?

मैत्रिणींनो, ‘हल्ली बायकांना कोपऱ्यावर जायलाही रिक्षा लागते,’ हा टोमणा घरोघरी ऐकू येतो. पण स्वयंपाकघर ते गच्ची अशा दिवसभराच्या फेऱ्या मारणारे हे पाय रस्त्यावरच का बरं अडतात?

एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट. फूटपाथ एवढा उंच, की निऱ्या सावरत चढायचं. चढलं की चार पावलांवर विजेचा खोका, पुढे लावून ठेवलेल्या स्कूटर. पुन्हा उतरा, पुन्हा चढा. या चढउताराला भिऊन सासूबाई देवळात जाणं सोडतात आणि आपण म्हणतो, त्यांचे गुडघे गेले!

फूटपाथ कसा असावा, हे काही गुपित नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली मापं दिली आहेत. उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी तेवढीच असते. चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट. समोरून कुणी आलं तरी खाली उतरायला नको.

वाट मोकळी असली की पाय आपोआप निघतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळला, तेव्हा लोक भर रस्त्यातून निवांत फिरले. पण सण एक दिवसाचा. आपल्याला रोज दूध आणायचंय! आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की फूटपाथ वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

तेव्हा एवढं कराच. चौघीजणी मिळून, पट्टी आणि शिवणाची टेप घेऊन घर ते मंडई ही वाट मोजा. कुठे चढ जास्त, कुठला दिवा बंद, कुठे रस्ता ओलांडता येत नाही, ते वहीत लिहा. सासूबाईंनाही विचारा, त्यांना जिथे भीती वाटते, ती जागा यादीत पहिली. भाजीवालीला मात्र उठवा म्हणू नका. तिला नीट जागा आखून मागा. दिवेलागणीनंतर त्या रस्त्यावर आपल्याला तिचीच तर सोबत असते.

मग सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या. आणि हो, पोच घ्यायला विसरू नका!