भाड्याच्या घरातले गरम पाणी

आपल्या बेळगावच्या थंडीत शॉवर कधी गारठवतो, कधी चटका देतो. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला, की शॉवरला गार पाणी कमी पडते आणि अंगावर कढत धार येते. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजते. आमच्या सासूबाई ऐंशीच्या, म्हणून मी इलेक्ट्रिशियनकडून थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणून घेतला.

पाणी तापायला फार वेळ लागत असेल, तर कॉइलवर बोअरच्या क्षारांचा थर बसलेला असू शकतो. तो काढून घ्यावा. खर्चावरून घरमालकांशी वाद नको. करारातच लिहावे : कॉइल, अर्थिंग त्यांचे, साफसफाई आपली. पाण्याला झिणझिण्या जाणवल्या, तर मात्र कुणालाही न विचारता आधी मेन स्विच बंद करावा.