जातं थांबलं, बाई थांबली का?

मैत्रिणींनो, असोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली आणि अख्ख्या महाराष्ट्राला कळलं, की लिहिता-वाचता न येणारी ही बाई जात्यावर दळता दळता केवढं सांगून गेली. त्या काळी धुळे-जळगावकडची पहाट व्हायची ती जात्याच्या घरघरीनं. मग विहिरीचं पाणी, गोठा, पऱ्हाट्या पेटवून चूल, आणि वर शेतातली निंदणी.

पुढे गिरणी आली, गॅस आला, मिक्सर आला, बऱ्याच घरांत वॉशिंग मशीनही आलं. पापड-कुरडया बचत गटाकडून विकत मिळतात. तरी 'मला वेळच नाही गं' हे काही सुटत नाही. वाचलेला वेळ गेला कुठे?

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं घरोघरी फ्रीज आणि धुण्याची यंत्रं आली. जाहिराती म्हणायच्या, बाईला आता आरामच आराम! पण सगळ्या सोयी असलेल्या घरातही बाई आतून कोंडलेलीच आहे, हे बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. १९८३ मध्ये रूथ श्वार्ट्झ कोवन या अभ्यासक बाईंनी त्याचं गणितच मांडलं. यंत्रांबरोबर टापटिपीच्या अपेक्षा वाढल्या, आणि लाकडं फोडण्यासारखी पुरुषांची कामं तेवढी संपली. उरलं ते बाईचं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? शेतातून पऱ्हाट्यांची गाडी घरचा गडीमाणूस आणायचा. आता सिलिंडरचा नंबर बाईच लावते. डबा, क्लास, होमवर्क ही नवी कामंही तिचीच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. आणि जे पुरुष घरात काडीही हलवत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत बरं का!

बदल झालाच नाही, असं नाही. जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार झाल्या, २००७ मध्ये राष्ट्रपती. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. गावोगावी बाई सरपंचाच्या खुर्चीत बसते. पण खुर्चीवरून उठून घरी आली, की भाकरी तिनंच थापायची.

दोष यंत्राचा नाही, वाटणीचा आहे. आखाजीला माहेरी आलेली लेक झोक्यावर बसते, कारण ते चार दिवस तिला कुणी काम सांगत नाही. तेवढी सवड सासरीही थोडी थोडी मिळायला नको का? त्यासाठी भांडण नको. मुलाला ताट उचलायला, कुकर लावायला आजपासून शिकवा. 'जाऊ दे, मुलगा आहे तो' हे आपल्याच तोंडून निघतं, ते आधी थांबवू या. आणि वाचलेला अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. वाचा, फिरा, नाहीतर नुसत्या बसा. त्याचा हिशोब कुणाला देऊ नका.