विश्लेषण : कॅनेलो-क्रॉफर्ड लढत नेटफ्लिक्सवर ‘फुकट’ कशी? बॉक्सिंगकडे परतणाऱ्या चाहत्यांचे बिल कोण भरतेय?

अमेरिकेतील लास वेगासच्या अलीजियंट स्टेडियमवर शनिवारी, १३ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री मेक्सिकोचा सॉल ‘कॅनेलो’ अल्वारेझ आणि अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड समोरासमोर आले. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. म्हणजे पोहे-चहाची वेळ. नेटफ्लिक्सचे सभासदत्व असलेल्या कुणालाही जादा पैसे न मोजता ही लढत मोबाइलवर पाहता येणार होती.

२०१५ मध्ये याच शहरात फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाव लढले, तेव्हा अमेरिकी प्रेक्षकाला टीव्हीवर ती एक लढत पाहण्यासाठी जवळपास १०० डॉलर मोजावे लागले होते. सुमारे ४६ लाख ग्राहकांनी ते मोजले. हा विक्रम अजून मोडलेला नाही. लढत मात्र रटाळ झाली. मधल्या दहा वर्षांत बॉक्सिंगमध्ये काय बदलले, आणि त्याची किंमत प्रेक्षक देत नसेल तर कोण देतोय, हा या लढतीमागचा खरा प्रश्न आहे.

या लढतीत एवढे काय होते?

कॅनेलो तेव्हा ३५ वर्षांचा. ६३ विजय, दोन पराभव, दोन बरोबरी. १६८ पौंड म्हणजे साधारण ७६ किलोच्या सुपर मिडलवेट गटात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारही प्रमुख संघटनांचे पट्टे लढतीपूर्वी त्याच्याकडे होते. क्रॉफर्ड त्या महिनाअखेर ३८ वर्षांचा होणार होता. तोवर ४१ लढती, ४१ विजय. १४० आणि १४७ पौंडांच्या गटांत त्याने चारही पट्टे एकत्र केले होते. जिंकल्यास तीन वेगवेगळ्या गटांत चारही पट्टे मिळवणारा तो पहिला पुरुष बॉक्सर ठरणार होता.

अडचण वजनाची होती. क्रॉफर्डची त्याआधीची लढत १५४ पौंडांत झाली होती. या लढतीसाठी तो थेट १४ पौंड, म्हणजे सहा किलोहून अधिक वर चढला. २०१४ मध्ये ग्लासगोत त्याने पहिले जगज्जेतेपद मिळवले, ते तर १३५ पौंडांच्या गटात. सहा किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटू शकते. पण बॉक्सिंगमध्ये दोन-तीन किलोंच्या फरकाने गट बदलतो, कारण ठोशामागचे वजन आणि तो झेलणारी मान या दोन्हींचा हिशेब त्यात असतो. कॅनेलोने २०१९ मध्ये १७५ पौंडांच्या गटात सर्गेई कोवालेवला अकराव्या फेरीत लोळवले होते. त्याचे ठोसे कोणत्या वजनाच्या माणसांना आडवे करतात, हे तेव्हा दिसले होते.

चाहते गेले कुठे होते?

कुठेच नाही. त्यांना हव्या त्या लढती मिळत नव्हत्या.

क्रिकेटमध्ये वेळापत्रक आयसीसी आणि मंडळे ठरवतात. भारत-ऑस्ट्रेलिया सामना व्हावा की नाही, हे खेळाडूंच्या व्यवस्थापकांना विचारले जात नाही. व्यावसायिक बॉक्सिंगला असे कुणी मालक-चालक नाही. १७ पारंपरिक वजनी गट आणि चार संघटना. म्हणजे एका वेळी ६८ जगज्जेते असू शकतात. त्यात प्रत्येक बॉक्सर एखाद्या प्रवर्तकाशी बांधलेला आणि तो प्रवर्तक एखाद्या वाहिनीशी. दोन मोठे बॉक्सर वेगवेगळ्या गोटांत असले की लढत अडलीच. मेवेदर-पॅकियाव लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली आणि लढत झाली २०१५ मध्ये, दोघांची उमेद सरत आल्यावर. अँथनी जोशुआ आणि टायसन फ्युरी हे ब्रिटनचे दोन दिग्गज हेवीवेट तर सप्टेंबर २०२५ पर्यंत एकदाही रिंगमध्ये समोरासमोर आलेले नव्हते.

वाहिन्यांनीही हळूहळू अंग काढून घेतले. १९७३ पासून बॉक्सिंग दाखवणारी एचबीओ २०१८ अखेर बाहेर पडली, शोटाइम २०२३ अखेर. उरला तो पे-पर-व्ह्यू, म्हणजे एकेका लढतीचे वेगळे पैसे. त्यामुळे कट्टर चाहता टिकला, पण वडिलांसोबत सहज लढत पाहत बसणारा मुलगा तुटला. कोणताही खेळ पुढच्या पिढीपर्यंत जातो तो या मुलामार्फत.

मग त्यांना परत कुणी आणले?

दोन वेगळ्या वाटांनी दोन वेगळे लोक आले. पहिली वाट सौदी अरेबियाची. तिथल्या सरकारी मनोरंजन प्राधिकरणाचे अध्यक्ष तुर्की अलालशिख यांनी ‘रियाध सीझन’च्या नावाखाली एवढा पैसा ओतला की वर्षानुवर्षे एकमेकांशी व्यवहार न करणारे एडी हर्न आणि फ्रँक वॉरेन हे ब्रिटिश प्रवर्तक एकत्र कार्यक्रम करू लागले. मे २०२४ मध्ये रियाधला युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने फ्युरीला हरवले आणि १९९९ मधील लेनॉक्स लुइसनंतर प्रथमच हेवीवेटला एकमेव निर्विवाद जगज्जेता मिळाला. तब्बल २५ वर्षे जे जमले नाही, ते एका धनकोच्या चेकबुकाने जमवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोशुआ-दुबुआ लढतीला लंडनच्या वेम्बलीवर ९६ हजार प्रेक्षक होते.

दुसरी वाट यूट्यूबची. जेक पॉल या यूट्यूबरने नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या माइक टायसनशी लढत केली. खेळ म्हणून तिच्यात काही नव्हते. पण नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार जगभरात १० कोटी ८० लाख लोकांनी ती थेट पाहिली. (बफरिंगने अनेकांचा जीव खाल्ला, हेही खरे. चित्रपट किंवा मालिका आधीच तुमच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवता येते. थेट प्रक्षेपणात उद्याचा ठोसा आज साठवून ठेवता येत नाही.) गंमत म्हणजे टायसनसाठी आलेल्या या गर्दीने त्याच्या आधी झालेली आयर्लंडची केटी टेलर आणि प्युर्टो रिकोची अमांडा सेरानो यांची लढतही पाहिली, आणि त्या रात्रीचे खरे बॉक्सिंग तेच होते. जुलै २०२५ मध्ये या दोघींची तिसरी लढत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेटफ्लिक्सवर झाली. तिसऱ्यांदाही टेलरच जिंकली.

कॅनेलो-क्रॉफर्ड लढतीत या दोन्ही वाटा एकत्र आल्या. पैसा आणि प्रवर्तन सौदीचे, साथ यूएफसीच्या डेना व्हाइट यांची, पडदा नेटफ्लिक्सचा. यूएफसी आणि डब्ल्यूडब्ल्यूई या दोन्हींची मालक असलेल्या टीकेओ कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार केला. २०२६ पासून अमेरिकेत यूएफसीचा पे-पर-व्ह्यू बंद करण्याचे त्यात ठरले. एकेका लढतीचे तिकीट विकण्यापेक्षा महिन्याचा सभासद टिकवणे फायद्याचे, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे पे-पर-व्ह्यूची सवय कधी रुजलीच नाही. पण एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आल्याने ट्रम्प कार्ड खेळत मोठी झालेली पिढी त्या ॲपवर आधीच बसलेली आहे.

यात गैर काय?

प्रेक्षकासाठी फारसे नाही. बॉक्सरसाठी मात्र बरेच.

अमेरिकेत २००० मध्ये मोहम्मद अलींच्या नावाने एक कायदा झाला. लढतीतून प्रवर्तकाला किती मिळाले, हे त्याने बॉक्सरला सांगितलेच पाहिजे आणि प्रवर्तकाने बॉक्सरच्या व्यवस्थापनात हितसंबंध ठेवता कामा नये, हा त्याचा गाभा. क्रमवारी आणि पट्टे प्रवर्तकाच्या हातात नसतात, हेही बॉक्सरच्या फायद्याचेच. यूएफसीला हा कायदा लागू नाही. तिथे क्रमवारी, पट्टा आणि करार सगळे एकाच कंपनीच्या हातात. परिणाम? आपली कमाई दाबली गेल्याचा आरोप करत यूएफसीच्या माजी लढवय्यांनी दावा ठोकला आणि तो ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

मार्च २०२५ मध्ये टीकेओने सौदीच्या सेला कंपनीसोबत बॉक्सिंगमध्ये उतरण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात अली कायद्याला पर्याय देणारे विधेयक आले. ते मंजूर झाले तर एखादी कंपनी ‘एकीकृत बॉक्सिंग संघटना’ स्थापून स्वतःची क्रमवारी आणि स्वतःचा पट्टा ठेवू शकेल. प्रत्येक फेरीमागे किमान १५० डॉलर मानधन आणि दुखापतीसाठी किमान २५ हजार डॉलरचे वैद्यकीय विमा संरक्षण, या त्याच्या मूळ मसुद्यातील तरतुदी चांगल्या होत्या. अलींच्या पत्नी लोनी यांचाही विधेयकाला पाठिंबा आहे. पण चार संघटनांचा गोंधळ चाहत्याला वैताग देत असला, तरी बॉक्सरला तोच घासाघीस करायला जागा देतो. एका मालकाशी पटले नाही तर दुसऱ्याचे दार ठोठावता येते. दारच एक उरले, तर?

झलक मे २०२५ मध्ये दिसली. रियाधमध्ये कॅनेलो आणि विल्यम स्कल यांनी १२ फेऱ्यांत मिळून केवळ ४४५ ठोसे मारले. कॉम्प्युबॉक्स या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या नोंदींत १२ फेऱ्यांच्या लढतीतला हा नीचांक. अलालशिख वैतागले आणि यापुढे ‘टॉम अँड जेरी’ छाप लढती नकोत, असे त्यांनी जाहीर केले. प्रेक्षक म्हणून पटते. पण ठोसा चुकवणे हा बॉक्सिंगचा अर्धा खेळ आहे आणि बॉक्सरच्या मेंदूचा एकमेव विमा. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत एकाच कार्यक्रमात लढलेले दोन जपानी बॉक्सर मेंदूच्या दुखापतीने दगावले. दोघेही २८ वर्षांचे. कसे लढायचे हे पैसे देणारा ठरवू लागला, तर ‘नाही’ म्हणण्याची ताकद बॉक्सरकडे उरायला हवी. टीका कोण करणार, हाही प्रश्न आहेच. १९२२ पासून निघणारे ‘द रिंग’ हे मासिक २०२४ मध्ये अलालशिख यांनीच विकत घेतले. पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येनंतर डागाळलेली प्रतिमा सौदी खेळातून धुऊन काढत असल्याचा मानवी हक्क संघटनांचा आरोप आहे, तो वेगळाच.

भारतीय बॉक्सर कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, पण ते ऑलिम्पिकच्या वाटेवरचे बॉक्सिंग. व्यावसायिक बाजूला विजेंदर सिंगने २०१५ मध्ये पाऊल टाकले. त्याची अपराजित घोडदौड २०२१ मध्ये पणजीत मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर थांबली. टायसन-पॉल लढतीच्या कार्यक्रमात नीरज गोयत जिंकला होता. पॅरिस ऑलिम्पिक खेळलेल्या निशांत देवने जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासमध्ये पदार्पणाची लढत पहिल्याच फेरीत जिंकली. अली कायद्याचे पुढे काय होते, याच्याशी निशांतच्या वयाच्या बॉक्सरचा थेट संबंध आहे.

लढतीत काय पाहण्यासारखे होते?

तीन मिनिटांच्या १२ फेऱ्या, तीन पंच. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा नऊ गुण. क्रॉफर्ड उजव्या हाताचा असला तरी बहुतेक वेळ डावखुऱ्यासारखा उभा राहत असे आणि लढतीच्या मध्येच बाजू बदलत असे. कॅनेलो बरगड्यांवर आणि दंडांवर मारत समोरच्याचे हात खाली आणतो. पहिल्या चार फेऱ्यांत क्रॉफर्डचे पाय हलत राहिले, तर लढत लांबणार, असा अंदाज होता. लांबली तर गुणपत्रिकांवर येणार होती, आणि लास वेगासमध्ये कॅनेलोच्या गुणपत्रिकांचा एक इतिहास आहे. २०१३ मध्ये मेवेदरने त्याला स्पष्ट हरवले, तरी एका पंचाने ११४-११४ अशी बरोबरी दिली होती.